लाल खुर्चीची पहिली छपाई

तात्या खोबरेकर माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आले ते भिंग मागायला.

१९९८ साली माझी मालवणला बदली झाली होती. मी वजनमापे निरीक्षक. दुकानदाराच्या लोखंडी वजनाला खालच्या बाजूला एक खड्डा असतो. त्यात शिसं भरलेलं असतं आणि त्या शिशावर आमच्या खात्याचा ठसा असतो. ठसा बारीक असतो, झिजतोही. म्हणून माझ्या टेबलावर एक भिंग असे, दहापट मोठं दाखवणारं. त्याची बातमी तात्यांपर्यंत कोणी पोचवली ते मला कधी कळलं नाही.

"साहेब, आपल्याकडे भिंग आहे असं ऐकलं. अर्ध्या तासाकरता मिळेल काय?" साठी ओलांडलेला, काटक, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला माणूस दारात उभा होता.

"सरकारी आहे. बाहेर देता येत नाही."

"मग वस्तू इथे आणतो," असं म्हणून ते गेले आणि वीस मिनिटांत परत आले. छातीशी धरलेलं गाठोडं त्यांनी खुर्चीवर ठेवलं. आधी रेक्झिन, मग जुनी गोधडी, मग उशीचा अभ्रा, आणि आत एक रेकॉर्ड. तात्या तिला कायम प्लेट म्हणत. कव्हरावर चित्र होतं: रिकाम्या धक्क्यावर ठेवलेली एक लाल खुर्ची. कोणाचं नाव नाही, गाव नाही.

मी हात पुढे केला तसे ते मागे सरकले.

"हात दाखवा."

लोकांची वजनं तपासणारा मी, शाळकरी पोरासारखे दोन्ही तळवे पुढे केले.

"दुपारी काय जेवलात?"

"डाळभात."

"आणि?"

"सुरमईची एक तुकडी होती."

"मग नको. मी धरतो, तुम्ही वाचा."

प्लेटच्या मध्यावर गोल कागद असतो आणि बाहेर गाण्यांच्या रेघा. या दोहोंच्या मध्ये एक गुळगुळीत काळी पट्टी असते. तात्यांनी प्लेट कडेला धरून खिडकीच्या उजेडात तिरकी केली, तेव्हा त्या पट्टीत सुईने कोरल्यासारखे आकडे दिसले. मी एकेक वाचत गेलो. शेवटचा आकडा आला.

"एक."

"नीट बघा. एक का सात?"

"एक."

"सायबानू, परत बघा." इथे त्यांची ऑफिसातली भाषा सुटली. "माका सात दिसता कधी कधी. माजे डोळे आता इंजिनात जळले."

मी पाच वेळा पाहिलं. पाचही वेळा एकच होता. तात्यांनी सुस्कारा सोडला, पण चेहऱ्यावरची काळजी गेली नाही. ती फक्त जागा बदलून बसली. "आता ही घराक परत कशी न्हेऊची? बाहेर ऊन किती आसा बघलात?"

पुढची बारा वर्षं मी त्यांचा शेजारी होतो. मधली तीन वर्षं माझी बदली कुडाळला झाली, तेव्हाही मी बिऱ्हाड हलवलं नाही, रोज एसटीने गेलो आलो. तेव्हा कारण मुलांच्या शाळेचं सांगत असे.

तात्या तेवीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत फिटर होते. बंदराला लागलं की बाकीचे खलाशी ट्रान्झिस्टर, घड्याळं, नायलॉनच्या साड्या घेत. तात्या जुन्या रेकॉर्डींच्या दुकानात जात. सुरुवात एका गोऱ्या सेकंड इंजिनियरमुळे झाली. तो ड्यूटी संपली की आपल्या खोलीत गिटारींची गाणी वाजवी, आणि तात्या दाराबाहेर बसून ऐकत. इंग्रजी त्यांना कामापुरतंच येई. गाण्यातले शब्द कळतात का, असं मी एकदा विचारलं.

"शब्द कशाक व्हये? इंजिनाचे शब्द कळत होते काय माका? पण खंय ठोको चुकता, ता कानाक कळायचा."

त्या इंजिनियरनेच त्यांना सांगितलं की एकाच कव्हरातल्या दोन प्लेटी सारख्या नसतात. हे मला पटेना, तेव्हा तात्या मला गणपतीच्या मूर्ती घडवतात त्या शाळेत घेऊन गेले. साच्यातून निघालेली पहिली मूर्ती आणि त्याच साच्यातली, त्याच हंगामातली शेवटची मूर्ती त्यांनी शेजारी ठेवली. पहिलीच्या बोटांना नखं होती. शेवटच्या मूर्तीची बोटं नुसती वेटोळी दिसत होती.

"दोन्ही गणपतीच. नमस्कार दोघांकय करूचो. पण नखा पयल्याकच. प्लेटीचो साचो धातूचो, तरी झिजताच. आकडो एक म्हंजे पयलो साचो. झाला?"

झालं. वजनाचं लोखंड झिजतं हे माहीत असलेल्या माणसाला एवढं पुरे होतं.

लाल खुर्चीत आणखी एक गोष्ट होती. दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्याआधी तिथला कोणीतरी घसा खाकरतो आणि हसतो. दीड-दोन सेकंद. पहिल्या थोड्या प्रती बाजारात गेल्यावर ते कुणाला आवडलं नाही आणि पुढच्या साच्यातून काढून टाकलं. ते हसू ज्या प्लेटीत आहे तीच पहिली छपाई, असं इंजिनियरने सांगून ठेवलं होतं. एका थंड बंदरावर, बंद होत असलेल्या दुकानाच्या खोक्यात तात्यांना ती सापडली. तरीही त्यांचा विश्वास पूर्ण बसला नव्हता. हसू आहे, पण आकडा सात असला तर? ती शंका त्यांनी अनेक वर्षं बाळगली आणि माझ्या टेबलावर आणली.

तात्यांच्या घरात एक कपाट होतं. त्यात दोनशे अठ्ठेचाळीस प्लेटी उभ्या होत्या. ही संख्या मी स्वतः दोनदा मोजली आहे. कपाटाच्या तळाशी चाळीस वॅटचा दिवा पावसाळाभर जळत असे, आत ऊब राहावी म्हणून. भिंतीवर जहाजातून आणलेलं हवेतला दमटपणा दाखवणारं पितळी यंत्र होतं. दिवसातून तीनदा तात्या त्याचा काटा बघत आणि पाटीवर खडूने आकडा लिहीत. काटा पंच्याऐंशीच्या पुढे गेला की घरात बोलणं कमी होई. नव्वदला गेला की तात्या जेवत नसत.

"माका कधी ताप ईलो तर पाटयेर लिवलेनी नाय," काकी म्हणत. काकी म्हणजे त्यांची बायको, बोलायला खमकी. "आमचा लगीन झाला तेव्हा कोणी सांगूक नाय, घरात दोनशे सवती आसत म्हणान."

"दोनशे अठ्ठेचाळीस," तात्या आतून म्हणत.

"ऐकलात? माजो वाढदीस इचारा बघू!"

समुद्र तीनशे पावलांवर. खारा वारा, बुरशी, लाल मुंग्या, वीज जाणं, मांजर, पाहुण्यांची पोरं, सगळ्यांची त्यांना भीती. प्लेट पुसायची ती बॅटरीच्या दुकानातल्या शुद्ध पाण्याने, जुन्या मलमलीच्या तुकड्याने, आतून बाहेर कधीच नाही, गोल गोल. आणि प्रत्येक प्लेट वर्षातून एकदाच वाजवायची, जानेवारीत, घाटाकडचा कोरडा वारा सुटून काटा साठाच्या खाली आला की सकाळी अकराला. सुई टेकली की ते ऐकत नसत, पहारा देत. कपाळावर घाम, डोळे सुईवर. प्लेट संपली की म्हणत, "गेली बाबा सुखरूप." एखादी होडी धक्क्याला लागल्यासारखं.

एकदा गोव्याहून एक खरेदीदार आला. गाडी मोठी, बोलणं गोड. तात्यांनी त्याच्यासमोर एकाच कव्हराच्या दोन प्लेटी ठेवल्या. एक चकचकीत, दुसरीच्या कव्हराचे कोपरे गेलेले, पण छपाई पहिली. "तुमका खयची व्हयी?" त्याने चकचकीत उचलली, तीही मधोमध बोट लावून. तात्यांनी ती हळूच काढून घेतली, पुसली, आत ठेवली आणि काकींना हाक मारली, "गो, सायबांक सोलकढी दी. लांबचो प्रवास आसा परतीचो." तो कढी पिऊन गेला. तात्या मात्र चार दिवस अस्वस्थ होते. त्याने मधोमध बोट लावलं होतं. "सांग रे वजनसायबा, घाम लागलो असतलो काय?" एव्हाना मी त्यांचा वजनसायब झालो होतो आणि अहो-जाहो संपलं होतं.

२००५ च्या पावसाळ्यात तात्यांच्या छातीत दुखू लागलं. ऑपरेशन गोव्यात ठरलं. मुलगी तिकडेच दिलेली, त्यामुळे दोघं नवरा-बायको महिनाभर तिच्याकडे राहणार होते. जाण्याआधी त्यांनी किल्ली मला दिली आणि सोबत एक कागद. त्यावर सात सूचना होत्या. मी तो कागद फ्रेमच्या काचेमागे ठेवला आणि रोज वाचला. काटा तीनदा बघणे. दिवा विझू न देणे. कपाट रोज दहा मिनिटे उघडणे. मुंग्यांची रेघ दिसल्यास हळद. पाचवी सूचना: दसऱ्यानंतर पडवीचे झाप काढून घेणे, वारा लागू देणे.

आमच्याकडे पावसाळ्याआधी पश्चिमेच्या पडवीला नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधतात, पावसाची झड आत येऊ नये म्हणून. दसऱ्यानंतर ते सोडतात. मी सूचनेप्रमाणे गडी बोलावून शनिवारी झाप काढून घेतले.

रविवारी कपाट उघडलं तर खालच्या खणातल्या बारा कव्हरांवर पांढरी बुरशी. वाडीत त्या दिवशी घरोघर ऊन देणं चाललं होतं. गाद्या, गोधड्या, लोणच्याच्या बरण्या, देवाच्या पेटीतले कपडे, सगळं खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात. पावसाळा उलटला की आम्ही कोकणातली माणसं ओलं झालेलं सगळं उन्हात घालतो. त्यात विचार करायचा असतो हे कोणाला ठाऊकच नसतं. आमची ही म्हणाली, "त्यांनाही ऊन द्या की. तुम्ही काय डोक्यावर हात ठेवून बसलात?"

मी घाई केली नाही, हे मला आजही नोंदवावंसं वाटतं. कागद पुन्हा वाचला. उन्हात घालू नये, असं सात सूचनांत कुठे नव्हतं. जाणत्या माणसाला ते लिहिण्याची गरज वाटली नसणार. तरी मी प्लेटी उन्हात घातल्या नाहीत. कव्हरं तेवढी खळ्यात मांडली. हात साबणाने धुऊन बारा प्लेटी त्यांच्या आतल्या कागदांसकट पडवीच्या सावलीत भिंतीला टेकवून उभ्या केल्या. दुपारचे अडीच वाजले होते. पडवीत ऊन चारनंतर येतं हे मी गेले कित्येक महिने पाहत होतो. अर्ध्या तासात सगळं उचलायचं ठरवलं.

तीनला दहा कमी असताना माझ्या घरचा फोन वाजला. तात्या रोज दुपारी फोन करत.

"काटो किती?"

"ऐंशी, तात्या."

"सकाळी?"

"ब्याऐंशी."

"मगे उतरता ता बरा. दिवो पेटता मां?"

"पेटतो."

"लाल खुर्ची?"

"सुखरूप आहे," मी म्हणालो. बोललो तेव्हा तो माझा समज होता.

उद्या ऑपरेशन होतं. त्यांना फोन ठेवायचा नव्हता. मुंग्यांचं पुन्हा सांगितलं, अभ्र्याचं सांगितलं, त्या गोव्याच्या माणसाला दारात उभं करू नको म्हणाले. मध्येच "काटो किती म्हणालंस?" असं पुन्हा विचारत. घाबरलेल्या माणसाला आता ठेवतो म्हणून कसं सांगायचं? बोलणं चाळीस मिनिटं चाललं. मी घड्याळाकडे बघत होतो आणि मनाशी म्हणत होतो, चारला अजून वेळ आहे.

पडवीत चारनंतर ऊन येतं ते झाप बांधलेले असताना. ते मी आदल्या दिवशीच काढून घेतले होते.

मी पोचलो तेव्हा उन्हाची तिरपी पट्टी भिंतीच्या एका टोकाला पडली होती. नऊ प्लेटी सावलीत होत्या. टोकाच्या तीन उन्हात. काळ्या प्लेटीला उन्हात फार वेळ लागत नाही. त्या वरून वाकून भिंतीला टेकल्या होत्या, दमून बसलेल्या माणसासारख्या. तिसरी लाल खुर्ची.

त्यानंतरचे चोवीस दिवस मी कसे काढले ते काटेकोर सांगता येईल, पण सांगणार नाही. तिन्ही प्लेटी मी काचेच्या दोन तावदानांमध्ये ठेवल्या. वर काकींचा पाटा ठेवला. तो आधी वजन करून पाहिला, साडेअकरा किलो भरला. ऑफिसच्या कोठडीत सरकारी प्रमाण वजनं पडून होती, तरी त्यांना हात लावला नाही. दोन प्लेटी जवळजवळ सपाट झाल्या. लाल खुर्चीच्या कडेला एक उंचवटा राहिला तो राहिलाच. आधी मुलीचा, मग त्यांचाच रोज दुपारी फोन येई, मी काट्याचा आकडा सांगे. लाल खुर्चीचं त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, त्यांना धक्का बसेल असं काही नको. मुलीने मला ते दोनदा बजावलं होतं.

तात्या आले ते निम्मे झालेले. काकींनी त्यांना आरामखुर्चीत बसवलं. मी किल्ली आणि पाटी समोर ठेवली. ते गेल्यापासूनचे रोजचे तीन-तीन आकडे मी वहीत उतरवून ठेवले होते.

"हात दाखय," ते हसून म्हणाले.

मी हात दाखवले आणि सांगितलं. सगळं, क्रमाने. बुरशी, ऊन, झाप, पडवी, फोन. काकी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तात्यांनी छातीवरच्या टाक्यांवर हात ठेवला होता. मी त्यांच्या श्वासांकडे बघत होतो.

मग त्यांनी विचारलं, "फोन किती मिंटा चललो?"

"चाळीस."

"आणि झाप?"

"आदल्या दिवशी. पाचवी सूचना."

ते कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे झाप मीच काढलंय, आणि तुका घरात मीच धरून ठेवलंय." त्यांनी डोळे मिटले. "आण ती."

प्लेट हातात घेऊन त्यांनी अंगठा कडेवरून फिरवला. उंचवट्यापाशी थांबला, पुढे गेला, परत आला. एखाद्याच्या हाडाला हात लावून बघावा तसा. अभ्र्यात घालून ती त्यांनी कपाटात ठेवली, आणि महिनाभर कपाटाकडे पाहताना नजर त्या खणावरून उडवत राहिले.

जानेवारीत काटा अठ्ठावन्नवर आला. तात्यांनी मला बोलावलं. काकीही ओटीच्या दारात येऊन बसल्या, जे त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं. तात्यांनी प्लेट गोल गोल पुसून रेकॉर्ड प्लेअरवर ठेवली. सुई टेकली. उंचवटा आला तशी सुईची दांडी वर चढली, पलीकडे उतरली. गाणं डगमगलं. पुन्हा चढली, आणि उडाली. पहिलं गाणं जवळजवळ सगळंच गेलं. तात्यांचा चेहरा मी बघू शकलो नाही. दुसऱ्या गाण्यात दांडी चढायची आणि उतरायची, पण उडत नव्हती. उंचवटा कडेलाच होता. सुई जसजशी आत जात होती तसतसा तो कमी होत होता.

"बाजू बदल," तात्या म्हणाले. "तुझे हात बरे आसत. माझ्यान जमाचा नाय."

सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला प्लेटीला हात लावू दिला. मी ती उलटली. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं लंगडलं, नंतरची सरळ होत गेली. शेवटच्या गाण्याआधीची शांतता आली. मी आयुष्यात अनेक तराजू स्थिर व्हायची वाट बघितली आहे. इतकी नाही.

कोणीतरी घसा खाकरला आणि हसला.

"आसा," तात्या म्हणाले. एवढंच. मग पाठ खुर्चीला टेकवली आणि शेवटचं गाणं डोळे मिटून ऐकलं. पहारा न देता.

"येवढ्यासाठी आमका तीस वर्षा जीव मुठीत धरूक लावलंस?" काकी म्हणाल्या, "बरो हसता मात्र मेलो."

बाकीच्या दोनशे सत्तेचाळीस प्लेटींची काळजी काही कमी झाली नाही. पाटी चालू राहिली, दिवा जळत राहिला, माझ्या बोटांचा वासही घेतला जाई. पण लाल खुर्ची त्या दिवसापासून कपाटात गेली नाही. ती प्लेअरजवळच असे, आणि तात्या ती रोज वाजवू लागले. मी एकदा हिशेब करून सांगितलं की या गतीने ती लवकर झिजेल. ते म्हणाले, "तीस वर्षात तीस येळा वाजयलंय, पण ऐकलंय खंय? माका तेचो आवाजय आठवत नव्हतो." मला ते पटलं असं म्हणणार नाही. दर वेळी सुई टेकली की मी दांडीवर नजर ठेवून बसे. ती काळजी बहुधा तेव्हाच त्यांच्याकडून माझ्याकडे आली.

२०१० च्या जूनमध्ये माझी बदली जिल्ह्याबाहेर झाली. सामान टेम्पोत चढवलं आणि निरोपाला त्यांच्याकडे गेलो. पाऊस लागला होता. झाप बांधले होते, पण तात्यांनी मधला एक सोडून ठेवला होता, त्यातून रस्ता दिसे. पाटीवर सकाळचा आकडा एक्याण्णव होता. ते जेवले होते की नाही, मी विचारलं नाही.

ते पडवीत आरामखुर्चीत होते. लाल खुर्ची फिरत होती, दांडी अगदी हलकी वर-खाली होत होती. मी पाया पडलो. काकी आत माझ्या वाटेसाठी फणसाची गोड सांदणं बांधत होत्या. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.

"जा," तात्या म्हणाले. "ओलो होशीत."

मी खळं ओलांडून वळून पाहिलं. झापाच्या फटीतून तात्यांनी दोन्ही तळवे माझ्याकडे करून दाखवले. मीही भर पावसात माझे दाखवले. ते नीट बघत राहिले, मग मान हलवली. टेम्पो सुरू होण्याआधी आतून प्लेटीतला तो माणूस खाकरला आणि हसला, आणि तात्यांची मान प्लेअरकडे वळली.